युनिया की युनियास?

रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायातील सलामांची यादी आपण घाईने वाचतो. भैंसा येथील वर्गात मात्र एका धर्मशिक्षकाने सातव्या वचनापाशी आम्हांस थांबविले : "युनिया हा पुरुष की स्त्री?" मराठीतील 'ह्यांना'वरून ते कळत नाही, आणि त्या भागात मराठीइतक्याच कानी पडणाऱ्या तेलुगूतील 'वारु'वरूनही कळत नाही.

अडचण मुळात ग्रीकची आहे. तेथे हे नाव द्वितीया विभक्तीत येते. आघात एका ठिकाणी दिला तर ते स्त्रीचे 'युनिया' होते, दुसऱ्या ठिकाणी दिला तर पुरुषाचे 'युनियास'. आणि प्राचीन हस्तलिखितांत आघातचिन्हे सहसा नसत. परंतु नाव ग्रीक नव्हे, लॅटिन आहे. युनिउस हे रोमचे जुने कुळ. सीझरचा मारेकरी ब्रूटस त्याच कुळातला. त्या कुळाची कन्या ती युनिया. मुक्त केलेल्या दासीसही धन्याचे कुलनाम मिळे. पौल जिला आपली नातलग म्हणतो ती यहूदी स्त्री अशाच मुक्त कुटुंबातली असू शकेल, हा अर्थात तर्क. रोमच्या शिलालेखांत युनिया हे नाव अडीचशेहून अधिक वेळा सापडते; युनियास नावाचा पुरुष एकही सापडलेला नाही.

चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्तोमने तिला स्त्रीच मानले व ती प्रेषितांत गणली गेली याचे कौतुक केले. ग्रीक त्याची मातृभाषा होती, आणि स्त्रियांची बाजू घेण्याबद्दल तो प्रसिद्ध नाही. म्हणून ही साक्ष आम्हांस वजनदार वाटते. पुढे मध्ययुगात रोमच्या एजिदिउसने दोघांसही पुरुष ठरविले. नेस्ले यांच्या ग्रीक आवृत्तीत १९२७ साली पुरुषी आघात शिरला, तो १९९८ मध्ये निघाला. स्त्री असती तर प्रेषित कशी, याखेरीज त्या बदलास सबळ कारण आम्हांस दिसत नाही. 'प्रेषितांमध्ये नामांकित' की 'प्रेषितांना सुपरिचित', हा वाद २००१ पासून पुन्हा चालू आहे. आमचा कल पहिल्या अर्थाकडे, म्हणजे क्रिसोस्तोमकडे आहे.

इ. स. २०० च्या सुमाराच्या एका पपायरसात येथे 'यूलिया' लिहिले आहे. लेखनिक चुकला असावा. पण चुकूनही त्याने लिहिले ते बाईचेच नाव.

तेलुगूत 'वारिद्दरु' म्हटले की स्त्रीपुरुषभेद उरत नाही. मराठीत तशी सोय नाही. 'ते दोघे' की 'ती दोघे', हे बोलणाऱ्यास ठरवावेच लागते. पुढील रविवारी त्या धर्मशिक्षकाने अंद्रोनीक आणि युनिया यांच्याविषयी बोलताना 'ती दोघे' म्हटले.