सेलूतली तार आणि तिचा कस

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या."

सेलूकर मंडळी, हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आपल्या तालुक्यात सापडायचा नाही. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला, तेव्हा तर शेवटच्या दिवसांत हे वाक्य पाठ झालं होतं. वालूरकडून मोटारसायकलवर आलेला माणूस हे ऐकून परत फिरतो तेव्हा त्याचा दिवस जातो, पेट्रोल जातं आणि कधी कधी मुदतही जाते.

सर्व्हर कधी कधी खरंच बंद असतो, नाही असं नाही. पण मागच्या वर्षी एका कार्यालयात (नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही) हे वाक्य ऐकलं आणि त्याच मिनिटाला माझ्या मोबाईलवर तेच संकेतस्थळ धडाधड उघडलं. सोबत नेटवर्कची कामं करणारा मित्र होता. त्यानं साहेबांच्या परवानगीनं कॉम्प्युटरमागचा प्लग कापला आणि आतली तार ब्लेडनं खरवडली. वरून तांबूस, आतून पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा! केबलवर मात्र ठसठशीत 'कॅट-६' छापलेलं.

आज त्या तारेचा इतिहास सांगायचाय. तो सेलूत सुरू होत नाही, पण भोगतो आपण सेलूत.

१८५७ च्या उठावाची बातमी लंडनला पोचायला कित्येक आठवडे लागले होते. साहजिकच इंग्रज सरकारला हिंदुस्थानपर्यंत तार हवी होती, आणि तीही तातडीनं. सुएझ-एडन-कराची अशी लाल समुद्रातून जाणारी केबल १८५९-६० मध्ये टाकली गेली. कंपनीला सरकारनं व्याजाची हमी दिली होती. केबल चालो न चालो, पैसे मिळणारच! मग काय व्हायचं ते झालं. केबलला पुरेसं संरक्षक वेष्टण नव्हतं, समुद्रतळ नीट तपासला नव्हता. एकेक तुकडा बंद पडत गेला. केबल मेली, पण करदात्यांच्या खिशातून हमीचे पैसे वर्षानुवर्षं जात राहिले.

त्याच्या आधी १८५८ मध्ये अटलांटिक समुद्रातली पहिली केबल जेमतेम तीन आठवडे चालून बंद पडली होती. एवढं नुकसान झाल्यावर चौकशी समिती बसली आणि १८६१ मध्ये तिचा अहवाल आला.

याच काळात विल्यम थॉमसन नावाच्या शास्त्रज्ञानं (हेच पुढे लॉर्ड केल्विन झाले) एक साधं काम केलं होतं. वेगवेगळ्या कारखान्यांतल्या तांब्याच्या तारा आणून मोजल्या. तोपर्यंत समज असा, की तांबं म्हणजे तांबं. मोजल्यावर कळलं, की दिसायला सारख्या तारांमध्ये वीज वाहून नेण्याच्या ताकदीत प्रचंड फरक आहे. तांब्यात थोडी भेसळ असली तरी तार बरीच कमजोर होते. मग थॉमसन यांनी आग्रह धरला, की तांब्याचा कस करारातच लिहा आणि कारखान्यात मोजूनच माल घ्या. पुढे तशी रीत पडली. १८६४ मध्ये इराणच्या आखातातली केबल चालली, आणि १८७० मध्ये मुंबई समुद्री केबलनं थेट इंग्लंडशी जोडली गेली.

म्हणजे 'तार मोजून घ्यावी' हे शहाणपण जगाला दीडशे वर्षांपूर्वी आलेलं आहे. फुकट नाही आलं, बुडालेल्या पैशातून आलं.

आता आपल्या गावाकडं येऊ. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात हैदराबाद-मनमाड ही मीटरगेज रेल्वे झाली आणि सेलू त्या रुळावर आलं. रुळांसोबत तारेचे खांब आले. त्यावरची तार लोखंडाची, जस्त चढवलेली, चिनीमातीच्या वाट्यांवर बसवलेली. लोखंड का? तर तारयंत्राला सेकंदाला मोजकेच कट्ट-कडकट्ट पाठवायचे असत. तेवढ्याला लोखंड पुरतं, ते स्वस्त असतं आणि वाऱ्या-वादळात टिकतं. काम बघून तार निवडली होती. स्वस्त घेणं चूक नाही हो, कामाला न पुरणारं स्वस्त घेणं चूक.

मग टेलिफोन आला. शेजारून विजेची किंवा दुसऱ्या फोनची तार गेली, की बोलण्यात खरखर यायची. यावर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये पेटंट घेतलेला उपाय आजही आपल्या प्रत्येक नेटवर्क केबलमध्ये आहे: दोन तारांना एकमेकींभोवती पीळ द्या. बाहेरचा गोंधळ दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला वजा होतो. त्या केबलमधला पीळ शोभेचा नाही, सगळी करामत त्यातच आहे.

नव्वदच्या दशकात दोन गोष्टी बरोबर आल्या, केबल टीव्ही आणि कॉम्प्युटर. तेव्हाचं नेटवर्कही टीव्हीसारख्याच गोल काळ्या केबलवर चालायचं. दिसायला दोन्ही सख्ख्या बहिणी. पण नेटवर्कची केबल ५० ओहमची आणि टीव्हीची ७५ ओहमची. टीव्हीची केबल नेटवर्कला जोडली, की सांध्यावरून सिग्नल उलटा फिरायचा आणि सगळं अडखळायचं. शिवाय सगळे कॉम्प्युटर एकाच माळेत. शेवटच्या टोकाची टोपी कुणी काढली तर अख्खी खोली बंद!

१९९० मध्ये पिळाच्या तारांवर नेटवर्क चालवण्याचं मानक आलं आणि ही कटकट संपली. प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळी केबल, आठ तारा, चार जोड्या, टोकाला तो पारदर्शक प्लग ज्याला आपण आरजे-४५ म्हणतो. एका केबलची मर्यादा १०० मीटर. ही मर्यादा आजही तीच आहे.

आणि आता काच. गावागावांत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्रानं २०११ मध्ये मंजूर केली, २०१५ पासून तिचं नाव भारतनेट. ज्या काचेतून प्रकाश धावतो तो गाभा ९ मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. एवढं महागडं तंत्र ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत येतं आणि पुढचे वीस मीटर कुणीतरी बाजारातून आणलेल्या मुलाम्याच्या तारेवर सोडून देतं. दुधनेचं पाणी कालव्यानं शेतापर्यंत आणायचं आणि शेवटी फुटक्या पाइपानं द्यायचं, तसला प्रकार.

यात बिचाऱ्या वायरमनला दोष देऊन उपयोग नाही. निविदेत 'कॅट-६ केबल, अमुक मीटर' एवढंच लिहिलं, की सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम जातं. सगळ्यात कमी दर कुठल्या तारेत बसतो ते तुम्ही ओळखलंच असेल.

म्हणून नगरपरिषद असो, ग्रामपंचायत असो, शाळा असो किंवा तुमचं स्वतःचं दुकान, पाच गोष्टी कागदावर लिहून घ्या आणि बघून घ्या:

१. तार पूर्ण तांब्याची. 'सीसीए' लिहिलेली नको, ती ॲल्युमिनियमची. सोपी परीक्षा: ३०५ मीटरच्या नव्या खोक्यातल्या एका तारेची दोन टोकं मल्टिमीटरला लावा. कॅट-५ई च्या २४ गेज तांब्याला साधारण २६ ओहम येतात (कॅट-६ ची तार जाड असेल तर आणखी कमी), मुलाम्याच्या तारेला ४० च्या आसपास. दोन मिनिटांचं काम आहे.

२. प्लग बसवताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलायचा नाही आणि रंगांचा क्रम दोन्हीकडं मानकाप्रमाणे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मनानं लावलेला क्रम दोन्हीकडं सारखा असला तर टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण जोडी फुटते आणि नेट अडखळतं.

३. भिंतीतली केबल एकसंध तारेची, टेबलावरची लवचिक बहुतारी. दोघींचे प्लगही बघून घ्यायचे.

४. उन्हात जाणारी केबल बाहेर वापरायचीच हवी. घरातल्या केबलचं कवच आपल्या उन्हानं तडकतं. आणि एका इमारतीतून दुसरीत जायचं असेल तर फायबर टाका. मृगाच्या विजा कडाडतात तेव्हा तांब्याच्या तारेतून दोन्हीकडची यंत्रं जळू शकतात, काचेतून वीज जात नाही.

५. फायबरचा हिरवा प्लग निळ्यात घालायचा नाही. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. मध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो.

आपलं सेलू कापसाच्या बाजारपेठेचं गाव. सीसीआयच्या खरेदीत कापसाचा ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कमी, १२ च्या वर गेला की माल परत. शेतकऱ्याच्या कापसाला यंत्र लावून मोजता ना? मग त्याच शेतकऱ्याच्या कामासाठी भिंतीत जाणारी तारही मोजा की!

पुढच्या ग्रामसभेत कुणी 'इंटरनेट दुरुस्ती'चा खर्च वाचून दाखवला, तर एकच प्रश्न विचारा: तार मोजून घेतली का? उत्तर काय मिळालं ते इथं खाली लिहा. पटलं तर पुढं पाठवा.