एकच छायाचित्र, भिन्न रंग : रंगदर्शनाचा इतिहास आणि अजिंठ्याच्या चित्रांची साक्ष

सारांश : एकाच छायाचित्रातील रंग दोन व्यक्तींना वेगवेगळे दिसतात, हा दृष्टिदोष नसून मानवी रंगदर्शनाचा स्वभावधर्म आहे. प्रस्तुत लेखात या स्वभावधर्माच्या शोधाचा संक्षिप्त इतिहास मांडला असून, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती व छायाचित्रे यांच्या आधारे इतिहासाचे साधन म्हणून रंगीत छायाचित्राची मर्यादा तपासली आहे.

बीजसंज्ञा : रंगदर्शन, रंगस्थैर्य, छायाचित्रण, अजिंठा, वाकाटक, ऐतिहासिक साधने.

प्रस्तावना

छायाचित्र खोटे बोलत नाही, अशी सर्वसामान्य समजूत आहे. चित्रकाराच्या हातून प्रमाद होतो, प्रवासी अतिशयोक्ती करतो. परंतु कॅमेरा जे समोर आहे तेच टिपतो, या विश्वासावर न्यायालयापासून संशोधनापर्यंत अनेक व्यवहार चालतात. आकाराच्या बाबतीत हा विश्वास बऱ्याच अंशी सार्थ ठरतो. रंगाच्या बाबतीत मात्र तो डळमळीत आहे. लग्नाच्या अल्बममधील एखाद्या शालूचा रंग आमसुली की डाळिंबी, यावर घरातील दोन स्त्रियांचे एकमत होत नाही आणि दोघीही प्रामाणिक असतात, हा अनुभव कोणास नाही?

फेब्रुवारी 2015 मध्ये हा घरगुती वाद जागतिक झाला. स्कॉटलंडमधील एका विवाहाच्या निमित्ताने घेतलेल्या पोशाखाचे छायाचित्र प्रसृत झाले. काहींना तो पोशाख निळा व काळा दिसला, तर काहींना पांढरा व सोनेरी. प्रत्यक्षात तो निळा व काळा होता. त्याच वर्षी बेव्हिल कॉनवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1401 व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली. तीत 57 टक्के लोकांनी निळा-काळा, 30 टक्के लोकांनी पांढरा-सोनेरी, 11 टक्के लोकांनी निळा-तपकिरी असे उत्तर दिले. उरलेल्यांनी आणखी काही सांगितले. छायाचित्र एकच, तरीही उत्तरे भिन्न. हे का घडते, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्यापासून कोणता बोध घ्यावा, हे दोन प्रश्न या लेखाचा विषय आहेत.

रंगदर्शनाच्या शोधाचा मागोवा

रंग हा वस्तूचा गुण आहे की पाहणाऱ्याच्या मनाची निर्मिती, हा वाद जुना आहे. त्याला प्रायोगिक वळण अठराव्या शतकाच्या अखेरीस मिळाले. 1789 मध्ये फ्रेंच गणितज्ञ गास्पार मोंज यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक प्रयोग सादर केला. लाल काचेतून लाल कागद पाहिला असता तो अधिक लाल दिसावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो फिकट, जवळजवळ पांढरा भासतो. मोंज यांचा निष्कर्ष असा की, डोळा प्रत्येक वस्तूचा रंग सुटा पाहत नाही. समग्र दृश्यावर कोणता प्रकाश पडला आहे याचा तो अदमास घेतो आणि त्या प्रकाशाचा हिस्सा वजा करून वस्तूचा रंग ठरवितो. या क्रियेस आज रंगस्थैर्य म्हटले जाते. पुढे 1794 मध्ये जॉन डाल्टन यांनी स्वतःच्या वर्णांधतेचे वर्णन व्याख्यानात सादर केले. सर्वांचे डोळेही सारखे नसतात, हे त्यामुळे शास्त्रीय चर्चेत आले. विसाव्या शतकात एडविन लँड यांनी 1959 मध्ये केवळ दोन प्रकाशपट्ट्यांच्या साहाय्याने पडद्यावर अनेक रंगांचा प्रत्यय घडवून, रंग हा भोवतालच्या तुलनेतून निर्माण होतो हे ठळकपणे दाखविले.

या इतिहासात नागपूरशी नाते असलेले एक नाव आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन हे वित्त खात्याच्या सेवेत असताना 1910 च्या सुमारास काही काळ नागपूर येथे होते. प्रकाशाच्या विकिरणावरील त्यांचे संशोधन सर्वज्ञात आहे. परंतु आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी फुलांचे रंग व मानवी दृष्टी यांचा चिकाटीने अभ्यास केला आणि 1968 मध्ये दृष्टीच्या शरीरक्रियेवर ग्रंथ प्रसिद्ध केला, हे तुलनेने कमी परिचित आहे. तीन मूलभूत रंगसंवेदनांच्या प्रस्थापित सिद्धान्ताला त्यांनी घेतलेले आक्षेप शास्त्रज्ञांनी स्वीकारले नाहीत. तथापि, पदार्थविज्ञानाचा एवढा मोठा अभ्यासक अखेरीस पाहणाऱ्या डोळ्याकडे वळला, हे उल्लेखनीय आहे.

मतभेदाची कारणमीमांसा

प्रत्यक्ष जीवनात प्रकाशाचा अदमास घेण्यास डोळ्याला विपुल खुणा मिळतात : आकाश, सावल्या, भिंती, स्वतःचे हात. दुपारी अंगणात आणि सायंकाळी दिव्याखाली पांढरे धोतर आपणास पांढरेच दिसते, ते या खुणांमुळे. छायाचित्रात त्या कापल्या जातात. चौकटीच्या आत जेवढे उरते त्यावरून डोळ्याला तर्क करावा लागतो, आणि खुणा अपुऱ्या असल्या की प्रत्येक जण त्या आपल्या पूर्वानुभवातून भरून काढतो. 2015 च्या छायाचित्रात नेमके हेच घडले. पोशाख सावलीत, निळसर प्रकाशात आहे असे ज्यांनी नकळत गृहीत धरले, त्यांच्या मनाने निळा अंश वजा केला आणि पोशाख पांढरा-सोनेरी झाला. पिवळसर कृत्रिम प्रकाश गृहीत धरणाऱ्यांनी पिवळा अंश वजा केला आणि तो निळा-काळा उरला. पास्कल वॉलिश यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, तेरा हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत असे आढळले की, पहाटे उठणाऱ्यांना तो पांढरा-सोनेरी दिसण्याचे प्रमाण रात्री जागणाऱ्यांपेक्षा अधिक होते. ज्याने आयुष्य दिवसाच्या उजेडात काढले तो दिवसाचा उजेड गृहीत धरतो, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. वाढत्या वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि काहींना जन्मतः वर्णांधता असते. ही कारणे वेगळी, परंतु तीही या भेदात भर घालतात.

स्मृतीचाही यात वाटा असतो. जर्मनीतील गीसेन येथील संशोधकांनी 2006 मध्ये दाखविले की, केळ्याचे चित्र पूर्णतः राखाडी केले तरी पाहणाऱ्यास ते किंचित पिवळे भासते, कारण केळे पिवळे असते हे मनास ठाऊक असते. आपल्याकडे याची कल्पना संत्र्यावरून सहज येईल. मृग बहाराचे फळ थंडीनंतर केशरी होते. पण आंबिया बहाराचे फळ आत रसाने भरले तरी साल बहुधा हिरवट-पिवळी राहते. नागपूरकरास ती पिकलेल्या फळाची साल वाटते, तर बाहेरगावच्या ग्राहकास कच्च्या फळाची. मराठीत नारिंगी, जांभळा, अबोली, डाळिंबी अशी कित्येक रंगनामे वस्तूंवरूनच पडली आहेत. रंग आणि वस्तूची आठवण यांची गाठ भाषेनेही अशी पक्की बांधून ठेवली आहे.

अजिंठा : रंगांच्या साक्षींची परंपरा

वरील विवेचन केवळ कुतूहलापुरते राहिले असते, तर इतिहासाच्या अभ्यासकास त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या वास्तूंचा मूळ रंग विरत चालला आहे त्यांच्या बाबतीत हा प्रश्न पुराव्याचा होतो. वाघूर नदीच्या कड्यातील अजिंठ्याची लेणी हे त्याचे ठळक उदाहरण होय.

1819 मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने ही लेणी पाहिल्यानंतर त्यांची ख्याती पसरली. जेम्स फर्ग्युसन यांच्या आग्रहावरून 1844 मध्ये रॉबर्ट गिल यांची चित्रांच्या प्रती करण्यासाठी नेमणूक झाली. त्यांच्या सुमारे दोन दशकांच्या श्रमाचे बहुतांश फळ 1866 मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्मसात झाले. पुढे 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह नव्या प्रती तयार केल्या. त्यांपैकी शंभराहून अधिक 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या किंवा खराब झाल्या. उरलेल्यांच्या आधारे त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ 1896-97 मध्ये प्रसिद्ध झाला. 1909 ते 1911 दरम्यान ख्रिश्चियाना हेरिंगहॅम यांनी पुन्हा प्रती केल्या. त्यांच्या साहाय्यकांत नंदलाल बोस व असितकुमार हालदार होते.

कॅमेरा उपलब्ध असताना हाताने प्रती का कराव्या लागल्या, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. गिल स्वतः छायाचित्रण करीत आणि त्यांची लेण्यांची छायाचित्रे 1864 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाली. परंतु त्या काळच्या कोलोडियन काचा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. लाल व पिवळा त्यांना जवळजवळ अंधारासारखे होते. अजिंठ्याची रंगपेटी तर प्रामुख्याने गेरू व पिवळ्या मातीची आहे. म्हणजे जो रंग भिंतीवर सर्वांत अधिक, तोच काचेवर काळवंडत असे. आणि उत्तरकालीन लेण्यांतील लाजवर्दाचा गडद निळा, दूर बदख्शानहून आलेला मोलाचा रंग, फिका पडत असे. 1873 मध्ये हेरमान फोगेल यांनी रंगद्रव्ये मिसळून काचेची संवेदनक्षमता वाढविण्याची युक्ती शोधली आणि 1907 मध्ये ल्युमिएर बंधूंच्या रंगीत काचा बाजारात आल्या, तेव्हा कोठे ही उणीव भरून निघू लागली. निजाम राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम यझदानी यांनी छायाचित्रणावर आधारलेला अजिंठ्याचा चतुःखंडात्मक ग्रंथ 1930 ते 1955 या काळात सिद्ध केला.

तथापि, छायाचित्रे रंगीत झाली म्हणून प्रश्न सुटला नाही. चित्रे उठून दिसावीत म्हणून प्रती करणाऱ्यांनी भिंतींना व्हार्निश लावले होते. 1920 ते 1922 दरम्यान निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी, चेकोनी व ओर्सिनी यांनी, निसटते पापुद्रे लाखेच्या द्रावणाने पक्के केले. त्यामुळे बरीच चित्रे वाचली, हे मान्य केले पाहिजे. परंतु लाखेचा व व्हार्निशचा थर कालांतराने पिवळा पडला. पिवळ्या थराखाली निळा हिरवट दिसतो, पांढरा हस्तिदंती होतो आणि गोऱ्या कांतीवर ताम्रछटा चढते. त्यात लेण्यांतील अंधाराची भर पडते. मंद प्रकाशात लाल रंग आधी काळवंडतो आणि निळा-हिरवा तुलनेने उजळ राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुर्किन्ये यांनी हे नोंदविले होते. आरशाने आत वळविलेले ऊन, कंदील, विजेचा दिवा यांपैकी कोणत्या प्रकाशात चित्र पाहिले, यावर त्याचा रंग अवलंबून राहतो. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्व एका ग्रंथात पिवळसर, दुसऱ्यात ताम्रवर्णी, तिसऱ्यात गव्हाळ आढळतो, याचे कारण हेच. बिनॉय बहल यांनी 1990 च्या दशकाच्या आरंभी प्रखर दिवे टाळून मंद प्रकाशात दीर्घ अवधी देऊन छायाचित्रे घेतली. त्यांतील रंगांची समृद्धी अनेकांना नवीन वाटली. भिंत तीच होती. प्रकाश बदलला होता.

अर्थनिर्णयावरील परिणाम

रंगाचा हा संभ्रम इतिहासाच्या निर्णयांपर्यंत पोहोचतो. पहिल्या लेण्याच्या एका दृश्यात फर्ग्युसन यांनी 1879 मध्ये इराणचा राजा दुसरा खुस्रू याच्याकडून चालुक्य सम्राट दुसऱ्या पुलकेशीकडे आलेला वकील ओळखला. टोप्या, पोशाख, चेहऱ्याची ठेवण आणि गोरा वर्ण हा त्यांचा आधार होता. ही ओळख स्वीकारली तर चित्र सातव्या शतकात जाते. उलट वॉल्टर स्पिंक यांनी हे लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील वाकाटक सम्राट हरिषेणाच्या कारकिर्दीत ठेवले. परदेशी व्यापारी त्या काळीही येत. गोरा वर्ण व उंच टोपी एवढ्यावरून राजवकील सिद्ध होत नाही.

येथे नागपूरच्या विद्वत्परंपरेचे स्मरण उचित ठरेल. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी सोळाव्या लेण्यातील वराहदेवाच्या शिलालेखाचे वाचन व संपादन करून हरिषेणाच्या या मंत्र्याचे कर्तृत्व निश्चित केले आणि 1963 मध्ये वाकाटकांच्या सर्व लेखांचा खंड सिद्ध केला. वाकाटकांची एक शाखा रामटेकनजीकच्या नंदिवर्धनास, तर अजिंठ्याशी संबंधित शाखा वत्सगुल्मास, म्हणजे आजच्या वाशीमला नांदत होती. शिलालेखाच्या ठशात खोलगट अक्षरे पांढरी आणि भोवतीचा दगड काळा उमटतो. अक्षर आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो. झिजलेल्या अक्षरांविषयी मतभेद होतात, परंतु तो ठसा कोणत्या दिव्याखाली पाहिला यावर मजकूर बदलत नाही. रंगाच्या साक्षीला ही सोय नाही. म्हणूनच ती टाकाऊ ठरत नाही. तिची उलटतपासणी अधिक कसून करावी लागते, एवढेच.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, एकाच छायाचित्रातील रंगांविषयीचा मतभेद हा बहुधा कोणाची चूक नसतो. छायाचित्राने गाळलेला प्रकाश प्रत्येक जण आपल्या अनुभवातून भरून काढीत असतो. दोन, छायाचित्र हे वस्तूची नोंद असते तसेच त्या क्षणीच्या प्रकाशाची, साहित्याची आणि वस्तूवरील थरांचीही नोंद असते. तीन, म्हणून ऐतिहासिक चित्राचे छायाचित्र घेताना त्यासोबत प्रमाणित रंगपट्टी ठेवणे, प्रकाशाचा प्रकार, दिनांक व चित्राची तत्कालीन अवस्था नोंदविणे आवश्यक आहे. आपल्या परिसरातील वाडे, मंदिरे व संग्रहालयांतील चित्रांची छायाचित्रे विद्यार्थी मोठ्या उत्साहाने घेतात; त्या उत्साहास या नोंदीची जोड मिळाली पाहिजे.

हा आग्रह केवळ शास्त्रशुद्धतेसाठी नाही. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या प्रती जळाल्या तेव्हा भिंती शिल्लक होत्या आणि पुन्हा जाऊन पाहता आले. भिंतीवरील रंग मात्र पापुद्र्यापापुद्र्याने कमी होत आहे. संरक्षक जेव्हा पिवळा थर काढण्यास हात घालतो, तेव्हा कोठे थांबावे हे ठरविण्यासाठी त्याला जुन्या साक्षी लागतात. आणि एकदा निघालेला मूळ रंग परत लावता येत नाही. आज घेतलेले छायाचित्र उद्याच्या अभ्यासकाची एकमेव साक्ष ठरू शकते. ते कोणत्या उजेडात घेतले हे त्याला कळले नाही, तर तोही आपल्या मनातील उजेड गृहीत धरील, आणि त्यालाच अजिंठ्याचा रंग समजेल.