हार्ड डिस्क आली कुठून? कपाटाएवढ्या यंत्रापासून मुठीतल्या डबीपर्यंत

सौंसर-पांढुर्ण्यात खसऱ्याची नक्कल काढायची असो, की सीमेपलीकडे सावनेर-नरखेडला सातबारा, पद्धत एकच. गाव निवडा, नंबर टाका, नेमकी तीच नोंद समोर. बाकीच्या हजारो नोंदी चाळाव्या लागत नाहीत. संगणकाला ही सोय दिली ती डिस्कनं.

डिस्कच्या आधी

आधी माहिती छिद्रं पाडलेल्या कार्डांवर, कागदी पट्टीवर किंवा चुंबकी टेपवर राहायची. टेपचं काम गाण्याच्या जुन्या कॅसेटसारखं. शेवटचं गाणं पाहिजे तर आधीची सगळी पट्टी सरकवा. म्हणून कार्यालयं नोंदी साठवून ठेवत, क्रमानं लावत आणि मग एकदमच यंत्रात घालत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ची मुख्य स्मृती फेराइट कोअरची होती, २०४८ शब्दांची. आजच्या हिशोबानं जेमतेम १० किलोबाइट!

१९५६ : पहिली डिस्क

आपल्या भागाला १९५६ आठवतं ते राज्य पुनर्रचनेमुळं. १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत आयबीएमनं ‘३०५ रॅमॅक’ संगणक जाहीर केला. त्याच्या ‘३५०’ या डिस्क युनिटवर सॅन होजेमध्ये रेनॉल्ड जॉन्सन यांच्या चमूनं काम केलं होतं.

यंत्र माणसाच्या उंचीच्या कपाटाएवढं, वजन एक टनाच्या आसपास. आत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एकावर एक, मिनिटाला १२०० फेरे. वाचणारी दांडी वर-खाली सरकून हव्या त्या चकतीत शिरायची. नोंदीपर्यंत पोहोचायला सरासरी अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ. जागा ५० लाख अक्षरांची, म्हणजे सुमारे पावणेचार एमबी. आज मोबाइलचा एक फोटोही कधी कधी तेवढा भरतो.

एक अक्षर सहा बिटांचं होतं. सहा बिटांत चिन्हं बसतात जास्तीत जास्त ६४. इंग्रजी मोठी अक्षरं अन् आकडे मावले. आपल्या काना-मात्रा-जोडाक्षरांचा विचार तिथं नव्हताच.

पुढची पावलं

• १९६१ : आयबीएम १३०१. प्रत्येक पृष्ठभागाला स्वतंत्र हेड, हवेच्या पातळ थरावर तरंगणारं.
• १९६२ : आयबीएम १३११. काढता-घालता येणारा डिस्कचा गठ्ठा.
• १९७१ : आठ इंची फ्लॉपी.
• १९७३ : आयबीएम ३३४०, म्हणजे ‘विंचेस्टर’. हेड आणि चकत्या एकाच बंद डबीत. आजच्या हार्ड डिस्कची ठेवण इथूनच.
• १९८० : सीगेटची एसटी-५०६, सव्वापाच इंची, ५ एमबी. चोवीस वर्षांत कपाटाएवढ्या यंत्राची जागा टेबलावरच्या संगणकात शिरली.

मराठी मजकुराचं काय?

१९९१ मध्ये देवनागरीसाठी इस्की हे भारतीय मानक आलं, अन् त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. तरी छपाईच्या दुकानांत पुढं अनेक वर्षं वेगवेगळ्या फॉन्टांची आपापली सांकेतिक भाषा चालली. फॉन्ट नसला, की मजकूर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो.

म्हणून गावची स्मरणिका, मंदिराची पत्रिका किंवा संस्थेचं जुनं इतिवृत्त फ्लॉपीत नाहीतर बंद पडलेल्या संगणकात असेल तर दोन कामं वेळेत करावीत. आधी फाइल नव्या डिस्कवर उतरवा, मग मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणखी एक प्रत दुसऱ्या जागी ठेवा. चुंबकी खूण काळानुसार क्षीण होते, आणि फ्लॉपी वाचणारं यंत्र तर आताच शोधावं लागतं. सीमेच्या दोन्ही बाजूंना विखुरलेलं आपलं मराठी लेखन कागदावर एखाद्या ट्रंकेत तरी सापडेल. डिस्कवरचं मात्र वाचता येतंय तोवरच आपलं.