रुळांचें माप आणि अक्षरांचें माप



मापांतील भेद म्हणजे काय, हें मनमाडच्या जुन्या माणसांस निराळें समजावून सांगावें लागत नाहीं. मुंबईचा लोहमार्ग रुंद, दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतराचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथून निजामाच्या मुलुखांत निघालेला मार्ग मात्र १००० मिलिमीटरचा. एकावरची वाघीण दुसऱ्यावर चालत नसे. माल उतरावा, पुन्हा भरावा, तेव्हांच तो पुढें जाई. कालांतरानें अरुंद मार्ग रुंद झाला आणि ती हमाली संपली.

संगणकावरील मराठीचा इतिहासहि असाच आहे. सन १९६३ मध्यें अमेरिकेंत ठरलेल्या ‘आस्की’ संकेतांत १२८ जागा होत्या. त्यांत देवनागरीस थारा नव्हता. पुढें मराठी फाँट करणारांनीं रोमन अक्षरांच्याच जागीं काना, वेलांटी, अर्धीं अक्षरें बसविलीं. परंतु प्रत्येकानें आपापल्या मतानें. छपाई सुरेख होई. अडचण येई ती फाइल परगांवीं धाडल्यावर. ई-पत्रासोबत फाइल बांधण्याची ‘माइम’ नांवाची समान रीत १९९२ मध्यें ठरली होती. त्यामुळें गांठोडें सुखरूप पोंचे. पण घेणाराजवळ तोच फाँट नसला, तर आंत दिसे केवळ रोमन अक्षरांचा गोंधळ!

यावर १९९१ मध्यें दोन उपाय निघाले. भारतीय मानक ब्यूरोनें ‘इस्की’ संकेत प्रसिद्ध केला. आणि ‘युनिकोड’च्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस स्वतःचें स्थान मिळालें. तेथें ‘क’चा क्रमांक २३२५, यंत्र कोणतेंहि असो, तो बदलत नाहीं. ‘विंडोज २०००’सोबत आलेल्या ‘मंगल’ फाँटानें ही सोय घरोघरच्या संगणकांत येऊं लागली. अक्षरांचा रूळ एक झाला.

तथापि रूळ बदलला म्हणून जुना माल आपोआप नव्या वाघिणींत चढत नाहीं. शाळांच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल, गांवांचे इतिहास अद्यापि जुन्या फाँटांत पडून आहेत. मोडी कागद जाणत्यास निदान डोळ्यांनीं वाचतां येतो. या फायलींस वाचणाराबरोबर योग्य फाँटहि लागतो. फाँटाचें नांव विसरलें, कीं रूपांतर करणेंहि कठीण होतें.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं अशा फायली असतील, त्यांनीं फाँटाचें नांव टिपून ठेवावें, मजकूर युनिकोडमध्यें उतरवावा, जोडाक्षरें डोळ्यांखालून घालावीं आणि एक छापील प्रत कपाटांत ठेवावी. हमाली थोडी आहे. पण ती आपल्याच पिढीनें केली पाहिजे. कोणता माल कोणत्या डब्यांत भरला होता, हें आज आपणांसच ठाऊक आहे.