रात्रीची दारे, दिवसाची वीज

महाराष्ट्रातल्या खेड्यांनी सौरऊर्जेला जो पाठिंबा दिला, त्याचे मूळ पर्यावरणाच्या काळजीत शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. ते सापडते रब्बीच्या रात्रींत. पौषाच्या थंडीत गव्हाला पाणी द्यायचे म्हणजे वीज येईपर्यंत जागायचे, आली की मोटर चालू करायची आणि एका हातात बॅटरी, दुसऱ्यात फावडे घेऊन पहाटेपर्यंत दारे धरायची. एक वाफा भरला की बांध फोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचे. पाय चिखलात, आणि पुढचे पाऊल कशावर पडेल याचा भरवसा नाही. सापाची भीती सगळीकडेच, जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्याचीही. ‘आम्हाला दिवसा वीज द्या’ ही मागणी या चिखलातून उठली, आणि राज्यातल्या सौर धोरणाला जी राजकीय ताकद मिळाली ती मुख्यतः तिच्यामुळे, असे माझे म्हणणे आहे.

शेतकऱ्याची ही रात्रपाळी कोळशाच्या सोयीने ठरली होती. औष्णिक केंद्रातला संच रोज सकाळी पेटवून रात्री विझवता येत नाही. शहरे झोपली आणि कारखान्यांची मागणी उतरली, की उरलेली वीज कोणीतरी वापरावी लागते. ती शेतीपंपांच्या वाट्याला आली. 2005 नंतर राज्यात भारनियमन तीव्र झाले, तेव्हा गावठाणाचे फीडर शेतीपासून वेगळे करण्यात आले. घरातले दिवे चालू ठेवून पंपांचा थ्री फेज पुरवठा बंद करता यावा, हा त्यामागचा हेतू. मग आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि उरलेले रात्री, असे चक्र लागले. मात्र टंचाई वाटून देण्यासाठी वेगळा केलेला हाच शेतीचा फीडर पुढे सौर योजनेचा पाया ठरला. ज्या तारेवर फक्त पंप आहेत, तिला दिवसापुरती वीज देणारा प्रकल्प जोडणे सोपे होते.

2017 साली राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, आणि राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी इथे सुरुवात झाली. तरीही दिवसाची वीज बहुतेक गावांपासून दूरच राहिली. फेब्रुवारी 2022 मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी त्यासाठीच कोल्हापुरात महावितरणच्या दारात ठिय्या दिला. पुढच्याच वर्षी योजनेची दुसरी आवृत्ती आली, आणि प्रकल्पासाठी जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला 1.25 लाख रुपये भाडे व त्यात दरसाल 3 टक्के वाढ ठरली. तिच्यातले पहिले प्रकल्प 2024 मध्ये सुरू झाले; त्यांत वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा 3 मेगावॅटचा होता.

सौर वीज स्वस्त झाली म्हणून आली, मागणीचा त्यात काय वाटा, असे कोणी विचारील. स्वस्ताई खरीच: राष्ट्रीय सौर मिशनच्या सुरुवातीच्या निविदांत युनिटला 12 रुपयांच्या आसपास असलेला दर मे 2017 मध्ये राजस्थानात भडला इथे 2 रुपये 44 पैशांवर उतरला. पण केवळ दरच पाहायचा असता, तर सगळी वीज त्या वाळवंटातूनच घेतली असती. उपकेंद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत छोटे प्रकल्प उभारण्याचा खटाटोप केला, कारण त्या उपकेंद्रावरच्या पंपांना दिवसा पाणी उपसता यावे हे उद्दिष्ट होते. दुसरा आक्षेप भूजलाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. दिवसा खात्रीची वीज मिळाली तर उपसा वाढेल, ही भीती खोटी नाही. पण रात्रीच्या विजेने तरी पाणी कुठे राखले? अंधारात जायला नको म्हणून शेतकरी मोटरला ऑटोस्विच लावतो, वीज येताच ती आपोआप सुरू होते आणि भरलेल्या वाफ्यावरून पाणी वाहत राहते. भूजल राखायचे तर पीकपद्धती आणि मोजणी यांकडे वळावे लागेल; माणसाला रात्री शेतात उभे करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

गायरानांच्या प्रश्नावर मात्र माझ्याकडे असे उत्तर नाही. खासगी जमीन देणाऱ्याला भाडे मिळते. गायरानावर पॅनेल उभे राहिले तर शेळ्या-मेंढ्या चारणाऱ्याची चराई जाते आणि सातबाऱ्यावर त्याचे नावही नसते. ग्रामपंचायतीला तीन वर्षे मिळणारे दरसाल 5 लाख रुपये त्याच्यापर्यंत पोचतीलच असे नाही. पंपवाल्याची मागणी ऐकली गेली, कारण त्याच्या पाठीशी संघटना होती आणि आमदाराला त्याची मते हवी होती. मेंढपाळाच्या पाठीशी यातले काहीच नाही, म्हणून गायरान देण्याआधी ग्रामसभेत त्याची संमती वेगळी नोंदवली जावी.