सुगीतले आभाळ

पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे केडगाव हे नाव आपल्या वाचकांना परिचित असेल. पुण्याहून दौंडकडे जाताना त्याच्या अलीकडचे स्टेशन खुटबाव. हा सारा मुलूख पूर्वीच्या भीमथडी तालुक्यातला. पाऊस बेताचा, तोही लहरी.

किनारपट्टीवरील कुटुंबांना भाताचा पेंढा ठाऊक आहे. येथे त्याची जागा कडबा घेतो. भाद्रपद-आश्विनात पेरलेली शाळू ज्वारी माघ-फाल्गुनात काढणीला येते. ती मुळासकट उपटून ताटे रानात आडवी पसरतात. कणसे खुडली, ताटे वाळली, की पेंढ्या बांधायच्या आणि त्यांचे बुचाड रचायचे. मधले हे दिवस शेतकऱ्याच्या हाती नसतात. त्याला कोरडे ऊन हवे असते. पण पेंढी भर उन्हात बांधली तर पाला चुरा होऊन रानातच राहतो. म्हणून ती पहाटे, दवाने पाला मऊ झालेला असताना बांधायची. एवढ्यात अवकाळी सर आली, की ताटे काळी पडतात, बुरशी धरतात, आणि भुकेले जनावरही त्यांना तोंड लावीत नाही. पुढचा आषाढ उजाडेपर्यंत औताचे बैल याच कडब्यावर जगवायचे असत.

मात्र आभाळ निवळेपर्यंत थांबणे प्रत्येकाला परवडत नसे. रयतवारीत सरकारी साऱ्याचे हप्ते ठरल्या तारखांना भरावे लागत, आणि त्यासाठी सावकाराचा उंबरा गाठावा लागे. १२ मे १८७५ रोजी याच तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळला. लोकांनी कर्जरोखे व वह्या जाळल्या. चोवीस तासांच्या आत भीमथडीतच दुसऱ्या एका गावी सावकाराच्या गंजी पेटवण्यात आल्या आणि घरालाही आग लावण्यात आली. इतिहासकार कर्जरोख्यांविषयी भरभरून लिहितात. माझे लक्ष मात्र त्या गंजींकडे जाते. मे महिन्यात, पावसाला महिना उरला असताना, वैरण कोणाच्या अंगणात रचलेली होती, हे त्या आगीने उघड केले. पुढच्याच वर्षी, १८७६ साली, पाऊस फिरकला नाही आणि दुष्काळात गुरे वैरणीवाचून मेली.

आभाळ वाचण्याची विद्या नंतर अगदी शेजारी आली. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास हलले. १९३२ मध्ये तेथेच डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी-हवामान विभाग सुरू झाला. १९४५ पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानाची वार्तापत्रे प्रसारित होऊ लागली. तरी २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने महाराष्ट्रभर रब्बीची उभी आणि काढलेली पिके झोडपली. अंदाज कळला तरी रानात पसरलेली ताटे एका रात्रीत उचलायला माणसे आणायची कोठून?

मुठा कालव्याच्या पाण्याने तालुक्यातील पुष्कळ शिवार उसाखाली गेले. गुऱ्हाळे आली, कारखाना आला, जनावरांपुढे उसाचे वाढे पडू लागले. वाढ्यांना उन्हाची वाट पाहावी लागत नाही. पण ती साठवूनही ठेवता येत नाहीत. त्यामुळे जिराईत पट्ट्यातील शेतकरी ज्वारीचे वाण निवडताना धान्याइतकाच कडब्याचाही विचार करतो. मालदांडीला अजून मान आहे तो त्यामुळेच. फाल्गुनातल्या पहाटे, दव उतरण्यापूर्वी, पेंढ्या बांधणारी माणसे तेथे अजून रानात दिसतात.