गेल कुटुंबाश्रय पद्धती

मनोरुग्ण व बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना रुग्णालयात कोंडून न ठेवता स्थानिक कुटुंबांत घरच्या माणसाप्रमाणे ठेवण्याची, बेल्जियममधील गेल या नगरात किमान सहाशे वर्षे चालत आलेली पद्धती. गेल हे अँटवर्प प्रांतातील केंपेन या रेताड जमिनीच्या प्रदेशात वसलेले नगर असून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथील बहुसंख्य लोक शेतीवर उपजीविका करीत. मनोरुग्णाने समाजात राहावे, यासाठी समाजाने काय करावे लागते, या प्रश्नाचा इतका दीर्घ इतिहास असलेले दुसरे उदाहरण यूरोपात क्वचितच आढळेल.

उगम : या पद्धतीचा उगम संत डिम्फ्ना हिच्या उपासनेत आहे. आख्यायिकेनुसार डिम्फ्ना ही सातव्या शतकातील एका आयरिश राजाची ख्रिस्ती कन्या. पत्नीच्या निधनानंतर भ्रमिष्ट झालेल्या राजाने कन्येशीच विवाह करण्याचा हट्ट धरला. तेव्हा गेरेबर्नुस या धर्मगुरूसह ती गेल येथे पळून आली; परंतु राजाने तिला शोधून तिचा शिरच्छेद केला. ही कथा तेराव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या चरित्रात आढळते. तिला ऐतिहासिक पुरावा नाही. वेडाने पछाडलेल्या राजापुढे ती नमली नाही, म्हणून वेडाचे निवारण करणारी संत अशी तिची ख्याती झाली. तिच्या नावाने चौदाव्या शतकाच्या मध्यास गेल येथे चर्च बांधण्यास प्रारंभ झाला आणि दूरदूरचे लोक आपल्या आप्तांना घेऊन तेथे येऊ लागले.

रुग्णाला चर्चला लागून असलेल्या खोलीत ठेवून नऊ दिवसांचा विधी करीत. ही जागा अपुरी पडू लागली, तेव्हा विधीची वाट पाहणाऱ्यांची व विधीनंतरही बरे न झालेल्यांची सोय आसपासच्या घरांतून होऊ लागली. महाराष्ट्रातील भाविकांच्या परिचयाच्या गाणगापूरसारख्या क्षेत्रीही मानसिक व्याधीच्या निवारणार्थ रुग्णांस नेण्याची प्रथा आहे. मात्र तेथे सामान्यतः नातलग रुग्णासोबत राहतात. गेल येथे नातलग परत जात व रुग्ण परक्या कुटुंबात मागे राहत असे. राहण्याजेवण्याचा खर्च नातलग अथवा रुग्णाचे मूळ गाव देई. अशा रीतीने मूळ हेतू उपचाराचा असला, तरी कालांतराने टिकून राहिला तो निवारा.

शासकीय नियंत्रण : १७९५ मध्ये बेल्जियमचा प्रदेश फ्रान्सला जोडला गेल्यानंतर चर्चचे व्यवहार बंद पडले. विधी थांबला, तरी घरे उघडीच राहिली. यावरून ही प्रथा एव्हाना धर्मसंस्थेवर अवलंबून उरली नव्हती, हे दिसून येते. १८०३ मध्ये ब्रूसेल्सचे प्रशासक पाँतेकुलां यांनी त्या शहरातील कोंडून ठेवलेल्या मनोरुग्णांची गेल येथे रवानगी केली. १८२१ मध्ये फ्रेंच मनोविकारतज्ञ एस्किरोल यांनी गेलला भेट दिली. रुग्ण रस्त्यांतून व शेतांतून मोकळे फिरताना त्यांना आढळले. त्याचबरोबर काहींच्या पायांत बेड्या असल्याचेही त्यांनी पाहिले. वैद्यकीय देखरेखीचा पूर्ण अभाव हा या पद्धतीचा त्या काळचा मोठा दोष होता. पुढे मोरो द तूर या दुसऱ्या फ्रेंच तज्ञाने १८४२ मध्ये भेट देऊन गेलचा जोरदार पुरस्कार केला. बेल्जियममधील काही तज्ञांचा मात्र या पद्धतीला विरोध होता.

१८५० च्या कायद्याने बेल्जियममधील मनोरुग्णांची व्यवस्था शासकीय नियंत्रणाखाली आली आणि गेल ही शासकीय वसाहत ठरली. तिचे वैद्यकीय निरीक्षक म्हणून डॉ. पारिगो यांची नेमणूक झाली. १८६२ मध्ये एक छोटे रुग्णालय उघडण्यात आले. नव्याने आलेल्या रुग्णाचे तेथे निरीक्षण करून त्याच्यासाठी घर निवडण्यात येई आणि प्रकृती बिघडल्यास त्याला काही काळ पुन्हा तेथे आणीत. रुग्णालय वसाहतीच्या केंद्रस्थानी न राहता घरांच्या पाठीशी उभे राहिले, हे या रचनेचे वैशिष्ट्य होय.

स्वरूप : गेल येथे आश्रितास ‘रुग्ण’ न म्हणता राहण्याजेवण्यास असलेला माणूस या अर्थाचा ‘कोस्टगँगर’ हा शब्द रूढ झाला. कुटुंबास शासनाकडून ठराविक भत्ता मिळतो. एका घरी ठेवावयाच्या आश्रितांच्या संख्येवर मर्यादा असून नंतरच्या काळात ती दोनवर आली. वसाहतीचे विभाग पाडलेले असत व प्रत्येक विभागातील परिचारक घरोघर जाऊन पाहणी करीत. विभागांतून स्नानगृहे बांधलेली होती. आश्रितांनी तेथे ठराविक दिवशी स्नानास येण्याचा नियम असल्याने अंगावरील जखमा, अशक्तपणा वा मारहाणीच्या खुणा परिचारकांच्या नजरेस पडत.

आश्रित कुटुंबासोबत एकाच पंक्तीस जेवतो, शक्य ते काम करतो, बाजारात, चर्चमध्ये व मद्यगृहात एकटा जातो. कुटुंबाला उपचार करण्याचे शिक्षण दिलेले नसते व तशी अपेक्षाही नसते. विचित्र वागणे सहन करणे, त्याला मर्यादा घालणे आणि अडचण आल्यास परिचारकास बोलावणे, एवढेच त्याचे काम. पुष्कळ आश्रित एकाच घरी कित्येक दशके राहिले. यजमान दांपत्याच्या निधनानंतर आश्रिताची जबाबदारी पुढच्या पिढीने स्वीकारल्याची अनेक उदाहरणे आहेत. लहानपणापासून अशा माणसांच्या सहवासात वाढल्याने गेलच्या नागरिकांस त्यांची भीती वाटत नाही. हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या संक्रमित होत गेला.

प्रसार व ऱ्हास : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मनोरुग्णालये भरून वाहू लागली, तेव्हा गेलकडे इतर देशांचे लक्ष वेधले. बेल्जियममध्येच लिएरनो येथे १८८४ मध्ये, तर फ्रान्समध्ये दँ-स्यूर-ओराँ येथे १८९२ मध्ये अशा वसाहती स्थापन झाल्या. १९०२ मध्ये अँटवर्प येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत कुटुंबाश्रयाचा विशेष विचार झाला. जपानमध्ये क्योटोजवळील इवाकुरा येथेही मंदिराच्या आश्रयाने अशीच प्रथा स्वतंत्रपणे वाढली होती.

१९३८ मध्ये गेल येथील आश्रितांची संख्या सु. ३,७०० म्हणजे सर्वोच्च होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ती घटत गेली. शेतीच्या यांत्रिकीकरणामुळे आश्रितांना झेपणारी कामे नाहीशी झाली. स्त्रिया नोकरीनिमित्त घराबाहेर पडल्याने दिवसभर घरी कोणी राहिनासे झाले. तसेच १९५० नंतर आलेल्या नव्या औषधांमुळे अनेक रुग्णांना स्वतःच्या घरी राहणे शक्य झाले. २०१८ च्या सुमारास ही संख्या दोनशेच्या आसपास होती. दिवसा कार्यशाळा व उपक्रमकेंद्रे आणि रात्री कुटुंब, अशी नवी विभागणी आता रूढ झाली आहे. २०२३ मध्ये यूनेस्कोने या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या जतनाच्या उत्तम पद्धतींमध्ये नोंद केली.

मूल्यमापन : आश्रितांच्या श्रमांचा शेतकऱ्यांनी स्वस्तात लाभ उठविला, हा या पद्धतीवरील जुना आक्षेप असून तो निराधार नाही. भत्ता व श्रम यांचे आर्थिक आकर्षण होतेच. परंतु कुटुंबाला मोबदला मिळत असल्यामुळेच ही व्यवस्था क्षणिक दयेवर अवलंबून न राहता टिकली, हेही तितकेच खरे. बेल्जियन मानवशास्त्रज्ञ यूजीन रूसेन्स यांनी गेलचा अभ्यास करून १९७९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. नागरिक आश्रितांना सहज सामावून घेतात. तथापि आश्रित व नागरिक यांच्यातील सामाजिक सीमारेषा पूर्णपणे पुसली जात नाही, असे त्यांच्या अभ्यासातून दिसते. आश्रिताला मोकळीक मिळाली, समान स्थान मात्र सर्वांशाने मिळाले नाही. कोठे व कोणाबरोबर राहावे, हे ठरविण्याचा अधिकारही दीर्घकाळ त्याच्याकडे नव्हता. अपंगांच्या स्वावलंबी जीवनाची आधुनिक कल्पना नेमका यावरच भर देते. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील १९ व्या अनुच्छेदाने समाजात राहण्याचा व निवासस्थान निवडण्याचा हक्क मान्य केला आहे.

भारतात रुग्णाची काळजी मुख्यतः त्याचे स्वतःचे कुटुंबच घेते. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबूंत राहावयास बोलावून उपचारांत सहभागी करून घेतले. गेलने रुग्णाला कुटुंबात नेले, तर अमृतसरने कुटुंबाला रुग्णालयात आणले. प्रश्न उरतो, तो ज्यांना घरी नेण्यास कोणीच नाही त्यांचा. बरे होऊनही वर्षानुवर्षे रुग्णालयातच राहिलेल्या व्यक्ती ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांतही आढळतात. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मनोरुग्णास समाजात राहण्याचा हक्क दिला असून केवळ कुटुंब नाही वा कुटुंब स्वीकारत नाही या कारणाने त्याला रुग्णालयात ठेवू नये, असे म्हटले आहे. चेन्नईच्या ‘द बनियन’ या संस्थेने अशा व्यक्तींना सामान्य वस्तीतील भाड्याच्या घरांत चार-पाच जणांच्या गटाने ठेवण्याचा उपक्रम सुरू केला आहे.

गेलची प्रथा जशीच्या तशी अन्यत्र रुजविणे कठीण आहे. कारण तिच्यामागे अनेक पिढ्यांची सवय आहे. तथापि घर, मोबदला, नियमित देखरेख व अडचणीच्या वेळी तत्काळ उपलब्ध होणारे रुग्णालय या चार गोष्टी एकत्र आल्यास सामान्य शेजारीही हा भार पेलू शकतात, हे गेलच्या इतिहासाने सिद्ध केले आहे. यांपैकी देखरेख नसताना पायांत बेड्या आल्या आणि शेतीवर आधारलेले घर बदलताच आश्रितांची संख्या ओसरली, हेही त्याच इतिहासाचे सांगणे होय.